दर हंगामाला नवा नियम, मग क्लबचं सभासदत्व सोडावं का?

वाचकाचा प्रश्न

पत्रलेखक मूळचे नाशिकचे. 1999 साली नोकरीनिमित्त मेलबर्नला गेले आणि शहराच्या पश्चिम भागात स्थिरावले. शेजारच्या एका वयस्कर ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी त्यांना ‘फूटी’ची, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची गोडी लावली. दोघंही वेस्टर्न बुलडॉग्जचे पक्के समर्थक. पत्रलेखक बरीच वर्षं क्लबचे सभासद आहेत, पण आता वैतागले आहेत. ते लिहितात, “दर हंगामाला काहीतरी नवं. आधी मार्कवरच्या खेळाडूला जागेवर खिळवून ठेवलं. मग अंपायरसमोर हात पसरले तरी दंड. मग टॅकलचा अर्थ हंगामाच्या मध्येच बदलला. आणि 2026 पासून तर सेंटर बाउन्सच काढून टाकला. मी ज्या खेळाच्या प्रेमात पडलो, तो हा राहिलेलाच नाही. क्रिकेटमध्ये असं कोणी करत नाही.” शेजारच्या गृहस्थांनी मैदानावर येणं बंद केलं आहे. पत्रलेखकांची 15 वर्षांची मुलगी लहान मुलांच्या सामन्यांत अंपायरिंग करते. वडील टीव्हीसमोर अंपायरवर ओरडायला लागले की ती उठून आपल्या खोलीत जाते. सभासदत्व सोडावं की मन मारून चालू ठेवावं, हा त्यांचा प्रश्न.

उत्तर

नमस्कार,

‘एवढ्याशा गोष्टीसाठी पत्र लिहितोय, हसू नका’ असं तुम्ही शेवटी लिहिलंय. मला ही गोष्ट एवढीशी वाटत नाही. परक्या शहरात नवीन असताना या खेळाने तुम्हाला शेजारी मिळवून दिला, दर शनिवार-रविवारी जायला एक जागा दिली आणि ऑफिसमध्ये सोमवारी बोलायला विषय दिला. असा खेळ आपल्या ओळखीचा उरला नाही असं वाटणं दुखावणारंच आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

हा खेळ न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडी माहिती. मैदान लंबगोल, क्रिकेटच्या मैदानाएवढं आणि बहुतेक वेळा क्रिकेटचंच. दोन्हीकडे अठरा-अठरा खेळाडू. चेंडूही लंबगोल. तो लाथेने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून द्यायचा (हा ‘हातपास’), फेकायचा नाही. लाथेने आलेला चेंडू हवेत झेलला की ‘मार्क’ मिळतो आणि पुढची लाथ विनाअडथळा मारता येते; त्या जागी समोर उभा राहणारा विरोधी खेळाडू म्हणजे ‘मार्कवरचा खेळाडू’. प्रत्येक टोकाला चार खांब. मधल्या दोघांतून चेंडू गेला की सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला की एक. क्वार्टरच्या, म्हणजे सामन्याच्या चार भागांपैकी प्रत्येकाच्या, सुरुवातीला आणि गोलनंतर अंपायर मैदानाच्या मधोमध चेंडू आपटून खेळ सुरू करत, तो ‘सेंटर बाउन्स’. देशातली सर्वोच्च स्पर्धा एएफएल, तिचं पूर्वीचं नाव व्हीएफएल.

आता तुमच्या पत्रातलं पहिलं गृहीतक घेऊ. ‘मी ज्या खेळाच्या प्रेमात पडलो, तो हा राहिला नाही.’ तो नेमका कोणता खेळ होता?

तुम्ही मेलबर्नला आलात त्याच्या पुढच्याच वर्षाचा, 2000 चा हंगाम तुम्हाला आठवत असणार. एसेंडनने ओळीने वीस सामने जिंकले होते. एकविसाव्या फेरीत त्यांना हरवलं ते तुमच्याच बुलडॉग्जने, अकरा गुणांनी. त्या पूर्ण हंगामात एसेंडनची ती एकमेव हार. प्रशिक्षक टेरी वॉलेस यांनी काय केलं होतं? जवळजवळ सगळा संघ बचावाच्या टोकाला आणून उभा केला. एसेंडनच्या आघाडीच्या खेळाडूंना पळायला जागाच ठेवली नाही. ‘फ्लडिंग’ हा शब्द त्याआधीही होता, पण त्या रात्रीनंतर प्रत्येक प्रशिक्षकाला कळलं की अशा रीतीने बलाढ्य संघही अडवता येतो. पुढच्या काळात गर्दी करून खेळणं सगळीकडे पसरलं. 1980 च्या दशकात संघ सामन्याला सरासरी शंभराच्या वर गुण करत, ते अलीकडच्या वर्षांत ऐंशीच्या आसपास आले. 2019 मध्ये मैदानाच्या तीन भागांत सहा-सहा-सहा खेळाडू उभे करूनच सेंटर बाउन्स घ्यायचा नियम आला, तो या गर्दीला उत्तर म्हणून. तुमच्या आठवणीतला तो थरारक विजय आणि तुम्हाला खुपणारा एक नियम यांच्यात असं सरळ नातं आहे.

आणि 2016? सातव्या क्रमांकावरून अंतिम फेऱ्यांत आलेला संघ, सिडनीवर बावीस गुणांनी विजय, 1954 नंतरचं पहिलं अजिंक्यपद, आणि दुखापतीमुळे बाहेर बसलेल्या कर्णधार बॉब मर्फीच्या गळ्यात प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी घातलेलं स्वतःचं पदक. बुलडॉग्जच्या कोणत्याही समर्थकाला याहून सुंदर हंगाम सांगता येणार नाही. पण 2016 हे मोठ्या नियमबदलांचंच वर्ष होतं. 2011 पासून चालू असलेला ‘सब’, म्हणजे एकदाच आत येणारा बदली खेळाडू, त्या वर्षी काढून टाकला. सामन्यातल्या अदलाबदलींची मर्यादा 120 वरून 90 वर आणली. चेंडू मुद्दाम सीमारेषेबाहेर घालवण्याबद्दलचा निवाडा कडक केला. त्या वर्षी हे बदल तुम्हाला बोचले नाहीत. तुम्ही तेव्हा डोळे मिटून घेतले होते असं मला म्हणायचं नाही. संघ जिंकत असतो तेव्हा नियमाचा त्रास कमी होतो आणि हरत असतो तेव्हा दुप्पट होतो, एवढं मात्र प्रत्येक प्रेक्षकाने स्वतःशी मान्य करावं.

थोडं आणखी मागे जाऊ, कारण त्यात तुम्हाला खरोखर आवडेल अशी एक गोष्ट आहे. या खेळाचे पहिले लेखी नियम मे 1859 मध्ये मेलबर्न फुटबॉल क्लबच्या काही सदस्यांनी, टॉम विल्स त्यांच्यात होते, बसून ठरवले. ते फक्त दहा होते. सहा गुणांचा गोल आणि एका गुणाचा बिहाइंड ही गुणपद्धत व्हीएफएलने 1897 मध्ये सुरू केली. त्याआधी सामना फक्त गोलांवर ठरत असे. वीस खेळाडूंचा संघ 1899 मध्ये अठरांचा झाला. आणि 2026 पासून लागू झालेला, दोन्ही टोकांना गोलपासून पन्नास मीटरवर आखलेल्या कमानींच्या मधल्या भागात चेंडू शेवटी ज्याच्या लाथेने किंवा हातपासने बाहेर गेला त्याच्याविरुद्ध फ्री किक देणारा नियम? 1925 मध्ये व्हीएफएलने याच्या अगदी जवळचा नियम आणला होता. तो 1938 पर्यंत चालला आणि मग सीमारेषेवरून चेंडू आत फेकण्याची पद्धत परत आली. शेजारच्या गृहस्थांचे वडील कदाचित त्या नियमाखालीच फूटी बघत मोठे झाले असतील. हे त्यांना सांगून बघा. पुढचा तास ते बोलत राहतील अशी माझी खात्री आहे.

खेळ बदलायला नियमच बदलावा लागतो असंही नाही. 1970 चा अंतिम सामना घ्या. एमसीजीवर 1,21,696 प्रेक्षक, मध्यंतराला कार्लटन 44 गुणांनी मागे. कार्लटनचे प्रशिक्षक रॉन बरासी यांनी खेळाडूंना हातपास देत पुढे सरकायला सांगितलं आणि कार्लटनने कॉलिंगवूडकडून सामना खेचून आणला. त्यानंतर हातपासाकडे कुणीही नाइलाजाची चाल म्हणून पाहिलं नाही. प्रशिक्षकांची बुद्धी पाण्यासारखी असते, एका ठिकाणी अडवली की दुसरीकडून वाट काढते. 1978 मध्ये अदलाबदलीचे खेळाडू दिले ते जखमींची सोय म्हणून. चाळीस वर्षांच्या आत संघ एका सामन्यात शंभराहून जास्त अदलाबदली करू लागले, कारण ताज्या दमाचे खेळाडू सतत आत आले की मैदानभर दबाव ठेवता येतो. मग 2014 मध्ये 120 ची मर्यादा आली, पुढे 90, 2021 मध्ये 75. इथे नियम बदलणाऱ्यांना खेळ बिघडवायचा होता असं म्हणणं अन्याय होईल. ते प्रशिक्षकांच्या मागे धावत होते.

क्रिकेटबद्दल तुम्ही लिहिलंत ते तर मला मान्यच नाही, आणि भारतातले क्रिकेटवेडे वाचक माझ्या बाजूने उभे राहतील. एकदिवसीय सामन्यात 2005 मध्ये ‘सुपरसब’ आणला आणि काही महिन्यांत गुंडाळला. 2011 पासून दोन टोकांना दोन नवे चेंडू आले, रिव्हर्स स्विंग जवळजवळ दिसेनासा झाला, आणि 2025 मध्ये चौतिसाव्या षटकानंतर एकच चेंडू वापरायचा असं ठरलं. आयपीएलमध्ये 2023 पासून ‘इम्पॅक्ट प्लेयर’ आहे आणि त्यावर अजून घराघरांत वाद होतात. क्रिकेट तुम्ही लहानपणापासून बघत आलात. तिथले बदल अंगवळणी पडत गेले. फूटी तुम्ही मोठेपणी, एकेक नियम विचारून, कष्टाने शिकलात. म्हणून तिथला प्रत्येक बदल तुमच्या मेहनतीवर पाणी पडल्यासारखा लागतो. हे मी तुम्हाला दोष म्हणून सांगत नाही. नव्या देशात जाऊन प्रौढपणी काही आपलंसं केलेल्या कित्येक वाचकांना हे ओळखीचं वाटेल.

इतकं सांगून झाल्यावर तुमची तक्रार चुकीची ठरते का? मुळीच नाही. ती फक्त फार पसरट आहे. सगळ्याच बदलांवर एकसारखं चिडल्यामुळे, जिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे तिथलं त्याचं वजन कमी होतं.

कुठे बरोबर आहे ते सांगते. 2024 मध्ये ‘होल्डिंग द बॉल’चा निवाडा हंगाम अर्धा होत आला असताना कडक केला. टॅकल झालेल्या खेळाडूला चेंडू सोडायला आधी जेवढा वेळ मिळत होता, तेवढा अचानक मिळेनासा झाला. मार्चमध्ये झालेले सामने एका मापाने आणि जूनमधले दुसऱ्या मापाने, आणि गुणतक्ता मात्र एकच. याचं समर्थन मला करता येत नाही. दुसरं उदाहरण सबचं. 2011 मध्ये आणला, 2016 मध्ये काढला, 2021 मध्ये फक्त दुखापतीसाठी म्हणून परत आणला, 2023 मध्ये कोणत्याही कारणासाठी खुला केला, आणि 2026 पासून पुन्हा काढून राखीव बाकावर पाच अदलाबदलीचे खेळाडू दिले. मार्क घेताना पुढच्या खेळाडूच्या पाठीवर हात ठेवण्याची गोष्टही तशीच. 2007 मध्ये बंदी, 2019 मध्ये पुन्हा परवानगी. ज्यांनी मधल्या बारा वर्षांत मुलांना शिकवलं, त्या गावोगावच्या प्रशिक्षकांनी काय करायचं? एखादा नियम आणताना तो कशासाठी आणतोय, किती काळाने तपासणार आणि कोणत्या कारणाने मागे घेणार हे आधी जाहीर व्हायला हवं. तसं झालं असतं तर तुमच्यासारख्या माणसाचा निम्मा राग आलाच नसता.

पैशाचाही भाग आहे. 2025 ते 2031 या सात वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांचा करार साडेचार अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा आहे. सामना वेगवान दिसावा, रटाळ क्षण कमी व्हावेत, अंतिम फेऱ्यांचे सामने वाढावेत ही ओढ त्यातून येणारच. आता आठऐवजी दहा संघांना पुढे जाण्याची संधी देणारी वाइल्डकार्ड फेरीही आली. अशा बदलांकडे संशयाने बघण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि तो सोडू नका.

पण एका प्रकारच्या नियमांना या यादीतून बाहेर काढा, ही माझी आग्रहाची विनंती. डोक्याला लागू नये म्हणून आलेले नियम. तुमच्या पत्रात ‘आता तर धक्काही देता येत नाही’ असं एक वाक्य आहे, त्यावर मी थांबले. ग्रॅहम ‘पॉली’ फार्मर, डॅनी फ्रॉली, शेन टक. या तिघांच्याही मेंदूत मृत्यूनंतरच्या तपासणीत सीटीई हा आजार सापडला. डोक्याला वारंवार मार बसण्याशी त्याचा संबंध आहे. महिलांच्या स्पर्धेत खेळलेली हेदर अँडरसन 28 व्या वर्षी गेली, आणि तिच्याही मेंदूत तो आढळला. 2023 च्या फायनल्समध्ये कॉलिंगवूडचा ब्रेडन मेनार्ड लाथ अडवायला उडी मारून आला आणि मेलबर्नच्या अँगस ब्रेशॉवर आदळला. एएफएलच्या ट्रिब्यूनलने, म्हणजे शिस्तभंगाचा निवाडा करणाऱ्या मंडळाने, मेनार्डला निर्दोष ठरवलं, कारण तेव्हाच्या नियमांत ते बसत होतं. ब्रेशॉ पुन्हा एएफएलमध्ये खेळू शकला नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये, वयाच्या 28 व्या वर्षी, डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला निवृत्त व्हावं लागलं. त्यानंतर अशा उडीची जबाबदारी खेळाडूवर टाकणारा बदल आला. हा बदल आणि बाकावर चार की पाच खेळाडू हा बदल एकाच रागाच्या टोपलीत टाकण्यासारखे नाहीत. पहिल्याची अंमलबजावणी कधी विसंगत असते, त्यावर जरूर बोला. नियम नको असं मात्र म्हणू नका. हा खेळ उद्या कोणाची तरी मुलगी खेळणार आहे.

बाउन्सबद्दल मात्र मी तुमच्यासोबत आहे. अंपायरने दोन्ही हातांनी चेंडू जमिनीवर आपटावा, तो सरळ वर उसळावा आणि दोन संघांचे दोन उंच रकमन, म्हणजे त्या चेंडूसाठी उडी घेणारे खेळाडू, त्यावर झेपावावेत, हे दृश्य या खेळाशिवाय कुठे बघायला मिळत नव्हतं. ते गेल्याचं वाईट वाटणं रास्त आहे. तरी त्यामागचं कारण समजून घेतलंत तर राग थोडा निवळेल. मैदानात इतरत्र घेतला जाणारा बाउन्स 2013 मध्येच गेला होता, उरला होता फक्त क्वार्टरच्या सुरुवातीचा आणि गोलनंतरचा. चेंडू नेमका आपटणं हे कसब अवघड, पाठीवर आणि खांद्यावर ताण आणणारं. निवाड्यात उत्तम असलेल्या माणसांनाही केवळ बाउन्स जमत नाही म्हणून वर जाता येत नसे. वाकडा उसळलेला चेंडू एका संघाला आयता मिळायचा, किंवा परत बोलावून पुन्हा फेकावा लागायचा. मला स्वतःला वाटतं की निदान सामन्याचा पहिला बाउन्स ठेवायला हवा होता. पण तुमची मुलगी पुढे मोठ्या सामन्यांत अंपायर व्हायचं म्हणाली, तर तिच्या वाटेतला एक अडसर आता कमी झालाय, हेही खरं.

तुमच्या पत्राचा सगळ्यात महत्त्वाचा भाग मला तिचाच वाटतो. तुम्ही तो दोन ओळींत उरकलात.

ती उठून खोलीत जाते ते फूटीचा कंटाळा आला म्हणून नव्हे. तुम्ही टीव्हीवरच्या अंपायरला जे बोलता, ते तिला रविवारी सकाळी सीमारेषेजवळ उभ्या असलेल्या पालकांकडून ऐकावं लागत असण्याची फार शक्यता आहे. 2022 मध्ये अंपायरशी हुज्जत घालण्यावर एएफएलने कडक पावलं उचलली, हात पसरले म्हणून पन्नास मीटरचा दंड (म्हणजे प्रतिस्पर्ध्याची लाथ पन्नास मीटर पुढून) झाला, आणि तुमच्यासारखे लाखो प्रेक्षक वैतागले. काही निवाडे अतिरेकी होते, हे मलाही दिसलं. पण त्यामागे गल्लीबोळातल्या सामन्यांची परिस्थिती होती. देशभर स्थानिक सामन्यांना हजारो अंपायर कमी पडत होते आणि शिवीगाळ हे त्यातलं मोठं कारण होतं. मुलं वरच्या स्तरावर बघतात तेच खाली करतात. त्या नियमाचा फायदा ज्यांना व्हावा अशी अपेक्षा होती, त्यांत तुमची मुलगी आहे.

आणखी एक. नियम बदलतो तेव्हा अंपायरने तो केलेला नसतो. एएफएलचं नियामक मंडळ ठरवतं, फुटबॉल विभाग सूचना काढतो, आणि अंपायरला ते हजारो लोकांसमोर क्षणात लागू करावं लागतं. तुमचा राग ज्या माणसावर निघतो, त्या माणसाच्या हातात सगळ्यात कमी अधिकार असतो.

मग करायचं काय? हंगामाच्या आधी एका संध्याकाळी मुलीला म्हणा, या वर्षीचे बदल मला समजावून सांग. एएफएल दरवर्षी नियमांचं पुस्तक आणि समजावणारे व्हिडिओ सगळ्यांसाठी मोफत ठेवते. पण तुम्ही ते तिच्याकडून ऐका, मध्ये न बोलता. तिला अंपायरिंगच्या वर्गात कारणंही सांगितलेली असतील. सामना बघताना निवाडा पटला नाही तर ‘आंधळा आहे का’ ऐवजी ‘तू काय दिलं असतंस?’ असं विचारा. तिचं उत्तर कधी तुमच्या बाजूने असेल, कधी नसेल, पण ती खोलीत जाणार नाही. आणि तिच्या एखाद्या सामन्याला जाऊन पूर्ण वेळ गप्प उभे राहा. तिला आधी विचारून जा, मात्र. काही मुलांना आईवडील सीमारेषेवर नको असतात.

शेजारच्या गृहस्थांनी येणं बंद केलं ते नियमांमुळे, असं तुम्ही धरून चाललात. ते तसं म्हणालेही असतील. पण ऐंशीच्या घरातला माणूस ‘आता तो खेळ राहिला नाही’ असं म्हणतो, तेव्हा त्यात कधी गुडघे असतात, डॉकलंड्सच्या स्टेडियमच्या पायऱ्या असतात, रात्री उशिरा सुटणारे सामने असतात, कानठळ्या बसवणारं संगीत असतं, तिकिटाचे पैसे असतात. एकदा नियमांचा विषय न काढता विचारा. बुलडॉग्जचा फूट्सक्रे नावाचा राखीव संघ आताच्या व्हीएफएलचे, म्हणजे एएफएलखालच्या स्पर्धेचे, सामने व्हिटन ओव्हल मैदानावर खेळतो, महिला संघही तिथे खेळतो. दुपारची वेळ, कमी गर्दी, कुंपणाजवळ उभं राहून बघता येतं. तिथे ते येतील असं मला वाटतं.

आता सभासदत्व. रागाच्या भरात ते सोडू नका आणि सवयीने चालूही ठेवू नका. बहुतेक क्लबांत पूर्ण हंगामाच्या सभासदत्वाखाली मोजक्या सामन्यांचे स्वस्त पर्याय असतात. एक वर्ष तसा पर्याय घेऊन बघा. वाचलेल्या शनिवारांपैकी काही स्थानिक सामन्यांना द्या. तुमच्या भागात वेस्टर्न रीजन फुटबॉल लीग आहे, आणि तिथे क्वार्टरच्या मध्यंतरात मैदानात जाऊन प्रशिक्षक काय सांगतोय ते कानाने ऐकता येतं. नव्या नियमांना मत देण्याआधी निदान दहाएक फेऱ्या जाऊ द्या. 2021 च्या मार्चमध्ये मार्कवरच्या खेळाडूचा ‘स्टँड’ नियम पाहून पुष्कळांनी डोक्याला हात लावला होता. आज तो तुम्हाला आवडत नसेल, पण प्रत्येक वेळी नजरेत खुपतोय का, हे स्वतःला विचारा. हंगामानंतरही मैदानावरून घरी येताना दर वेळी मन कडूच होत असेल, तर मग खुशाल सोडा. कोणत्याही खेळावर जन्मभराचं कर्ज नसतं, आणि सोडल्याने आधीची वर्षं वाया जात नाहीत.

सभासद आहात तोवर मात्र त्या नात्याने बोला. क्लबला पत्र लिहा. एएफएल फॅन्स असोसिएशन ही प्रेक्षकांची स्वतंत्र संघटना आहे, ती समर्थकांची मतं सर्वेक्षणातून गोळा करते, तिथेही नाव घाला. पण ‘खेळाचं वाटोळं केलंत’ असं लिहू नका, तसली पत्रं कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही. मागण्या नेमक्या ठेवा. हंगाम सुरू झाल्यावर निवाड्याचं माप बदलू नये, खेळाडूच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तेवढा अपवाद. कोणताही नियम आधी खालच्या स्पर्धेत निदान एक पूर्ण हंगाम खेळवून बघावा. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या एसएएनएफएलमध्ये चेंडू बाहेर घालवणाऱ्याविरुद्ध फ्री किकचा नियम 2016 पासून आहे, म्हणजे हे जमतं. आणि प्रत्येक बदलासोबत त्याचा हेतू आणि फेरविचाराची तारीख छापावी. आयपीएल किंवा प्रो कबड्डीच्या नियमांवर चरफडणाऱ्या वाचकांनीही आपापल्या संघटनांकडे हेच मागायला हरकत नाही.

पत्राचा मसुदा मुलीला दाखवून मगच पाठवा. तिला नियमांची कलमं तुमच्यापेक्षा चांगली माहीत असणार, आणि अंपायरांबद्दल एखादं वाक्य तिखट झालं असेल तर ती ते खोडेल.